बँडचे फोटो काळे आणि हललेले येतात, कॅमेरा बदलू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मित्रांचा बँड आहे, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कॅफेत आणि कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवतात, हातात निकॉन डी५६०० आणि सोबत मिळालेली १८-५५ लेन्स, फोटो एकतर काळे येतात नाहीतर हललेले, लाल लाईट पडली की गायकाचं तोंड म्हणजे नुसता लाल गोळा, येत्या शनिवारी परत शो आहे, तर पैसे साठवून फुल फ्रेम बॉडी (म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घ्यावी का? जरा सविस्तरच लिहितो, कारण हाच प्रश्न मला दर गॅदरिंगच्या सीझनला चार पोरं तरी विचारतात आणि उभ्या उभ्या सांगून भागत नाही.

पहिलं म्हणजे बॉडी घेऊ नकोस भावा. निदान आत्ता तरी नको. मी २००६ पासून कोल्हापुरात स्टेजचे फोटो काढतोय, ऑर्केस्ट्रा, गॅदरिंग, भावगीतांचे कार्यक्रम, गल्लीतला बेंजो आणि आता ही नवीन पोरांची बँड. सुरुवातीला हातात कॅनन ३५०डी होता, त्यात आयएसओ (कमी उजेडात फोटो किती उजळ करायचा तो आकडा) १६०० च्या पुढं नव्हताच आणि १६०० ला काढलेला फोटो म्हणजे वर रवा सांडल्यासारखा दाणेदार. तुझा डी५६०० आज ३२०० ला त्याच्यापेक्षा कितीतरी स्वच्छ फोटो देतो, ६४०० ला पण चालवून घेता येतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा तयार केला त्या गावातली पोरं चांगला चालता कॅमेरा कपाटात टाकून नवीन बॉडीसाठी हप्ते भरतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

अडतंय ते लेन्समध्ये. तुझी १८-५५ तू ५५ ला नेलीस की ती एफ/५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), त्याऐवजी ५० एमएम एफ/१.८ लावलीस तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट म्हणजे काय ते असं बघ, आत्ता जिथं शटर १/२५ वर (म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर) अडकतंय आणि गायकानं मान हलवली की फोटो गेला, तिथं त्याच आयएसओला तुला १/२५० मिळतं, म्हणजे मान हलली तरी फोटो वाचला. पैसे पण नव्या बॉडीच्या मानानं किरकोळ लागतात आणि सेकंडहँड तर अजून कमी. फक्त घेताना एक बघ, डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाहीये, त्यामुळं लेन्सवर एएफ-एस लिहिलेलं पाहिजे, म्हणजे ५० एमएम एफ/१.८जी. जुनी १.८डी स्वस्तात मिळते म्हणून उचललीस तर ती तुझ्या कॅमेऱ्यावर आपोआप फोकस करणार नाही, हातानं रिंग फिरवत बसावं लागेल आणि अंधारात १.८ ला हातानं फोकस म्हणजे अवघड काम. कॅफे फारच छोटा असेल, पाठ भिंतीला लागत असेल, तर ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स (डीएक्स म्हणजे तुझ्यासारख्या छोट्या सेन्सरसाठीची) बघ, तुझ्या सेन्सरवर ५० ची लेन्स ७५ सारखी जवळ ओढते त्यामुळं छोट्या जागेत सगळा बँड तिच्यात मावत नाही. आणि किटच्या लेन्सवर व्हीआर लिहिलंय त्याच्यावर विसंबू नकोस, तुझा हात हलला तर व्हीआर सांभाळतं, ड्रमरचा हात हलतोय त्याला ते काय करणार.

आता खरा मुद्दा, आणि हा लेन्सपेक्षा मोठा आहे. स्टेजवर उजेड नसतो असं आपण सगळेच म्हणतो पण नीट बघितलंस तर उजेड असतो, फक्त तो एखाद्या जागेवर असतो आणि थोडा वेळ असतो. गायक नेमक्या जागेवर आला की वरच्या पारचा (पार म्हणजे स्टेजवर टांगलेला डब्यासारखा दिवा) उजेड त्याच्या कपाळावर न पडता बरोबर गालावर डोळ्यात पडतो, तिथून एक पाऊल सरकला की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. लाईटवाल्याचे पण चार-पाच सीन ठरलेले असतात, मुखड्याला निळं, अंतऱ्याला लाल, गाणं चढलं की पांढरं नाहीतर अंबर मारतो, आणि हेच आलटून पालटून रात्रभर चालतं. म्हणून मी पहिलं गाणं कॅमेरा गळ्यात ठेवून नुसतं बघतो. एकही फोटो नाही. कुठल्या जागेवर उजेड चांगला पडतोय, कुणावर पडतच नाही, पांढरं कधी येतंय, किती वेळ थांबतंय, हे एका गाण्यात कळतं आणि मग पुढचा सगळा कार्यक्रम तू त्या जागेकडं बघत थांबायचं, गायकाच्या मागं मागं कॅमेरा फिरवत बसायचं नाही. गायक फिरून त्या उजेडात येतोच. थांबायची तयारी ठेवलीस की निम्मं काम झालं, मी एवढ्या वर्षांत शिकलो ते मुख्य हेच.

आणि लाईटवाल्याशी बोल. हे कुणी करत नाही. दसरा चौकात शाहू स्मारकला एका बँडचा कार्यक्रम होता, मी साउंडचेकच्या वेळी लवकर पोचलो होतो, बघतोय तर गायकावर दोन पार, गिटारवर एक आणि मागं बसलेल्या ड्रमरवर काहीच नाही, पोरगं काळोखात बसून वाजवतंय, नुसत्या झांजांच्या कडा चमकतायत. लाईटवाले मामा साठीच्या पुढचे, कंट्रोलजवळ खुर्ची टाकून चहा पीत बसलेले. त्यांच्याजवळ गेलो, नमस्कार केला, म्हटलं मामा, ड्रमरवर एक अंबर सोडाल काय, बारीक चालेल. त्यांनी कप खाली ठेवला, एक खटका वर सरकवला, ड्रमरच्या डाव्या गालावर आणि दोन्ही मनगटांवर मऊ पिवळा उजेड आला, आणि म्हणाले, "आधी सांगायचं की, कुणी मागतच नाही." त्या रात्रीचे ड्रमरचे फोटो अजून माझ्या निवडक कामात आहेत. तो एक खटका नसता तर पन्नास हजारांची लेन्स लावून पण तो पोरगा मला दिसला नसता.

सेटिंगचं म्हणशील तर मोड मॅन्युअल ठेव. कारण सांगतो म्हणजे डोक्यात बसेल. स्टेजच्या मागं सगळा काळा पडदा असतो, कॅमेऱ्याला वाटतं सीन काळाकुट्ट आहे, उजेड वाढवूया, म्हणून तो शटर हळू करतो आणि मग चेहरा पांढराफटक होऊन हलतो पण. पुढच्याच क्षणी मागची लाईट लेन्समध्ये आली की त्याला वाटतं केवढा उजेड, आणि चेहरा काळा करून टाकतो. तुझे काही काळे काही हललेले येतात ते ह्यामुळं पण, कॅमेरा खराब नाहीये. सुरुवात म्हणून एफ/२, शटर १/२५०, आयएसओ ३२०० लाव, मीटरिंग स्पॉट कर (निकॉनमध्ये तू जो फोकस पॉइंट निवडतोस तिथलाच उजेड तो मोजतो, हे फार उपयोगाचं), गायकाच्या चेहऱ्यावर दोन-तीन फोटो काढून बघ आणि तिथून पुढं फक्त आयएसओ वरखाली कर. शांत गाणं, गायक स्टूलवर बसलाय, तर १/१२५ पुरतं. गिटारवाला अंग घुसळतोय तर १/२५०. उड्या मारायला लागले तर १/५०० आणि आयएसओ ६४०० ला घाबरायचं नाही. दाणे आलेला फोटो लोक बघतात, हललेला चेहरा कुणी बघत नाही. पोरं आयएसओ १६०० वर कमी उजेडात काढतात आणि घरी जाऊन ओढून वर आणतात, त्यानं दाणे काही कमी होत नाहीत, उलट सावल्या घाणेरड्या होऊ शकतात, त्यापेक्षा जागेवरच आयएसओ वाढव.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस. अंधारात डोळे सरावलेले असतात त्यामुळं स्क्रीनवर सगळंच झकास उजळ दिसतं आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर बघशील तर सगळं काळं. हिस्टोग्राम (फोटोत उजेड कुठं किती आहे ते दाखवणारा आलेख, उजव्या कडेला आपटला म्हणजे उजेड उतू गेला) बघायची सवय लाव, तो पण लाल हिरवा निळा वेगवेगळा दाखवणारा, प्लेबॅकच्या मेनूत चालू करता येतो. स्क्रीनचा ब्राइटनेस पण कमी कर, मागं बसलेल्या लोकांच्या डोळ्यात तो जातो.

आता लाल लाईट. तुझा लाल गोळा का होतो ते नीट समजून घे कारण हा त्रास सगळ्यांना आहे. सेन्सरवर बारीक बारीक उजेड टिपणारे ठिपके असतात, त्यातले निम्मे हिरवा रंग टिपतात, पाव लाल आणि पाव निळा. आता स्टेजवर नुसता लाल एलईडी मारला तर हिरव्या निळ्या ठिपक्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही, फोटो त्या पाव ठिपक्यांवर तयार होतो, म्हणून बारकावे जातात, कडा मऊ होतात. आणि वर तो लाल इतका भरतो की उतू जातो. साधा हिस्टोग्राम म्हणतो सगळं ठीक, कारण तो तिन्हींचा मिळून हिशोब दाखवतो, आणि आत लाल कधीच कडेला जाऊन आपटलेला असतो. जुन्या हॅलोजनच्या लाईटला वर लाल कागद लावायचे तेव्हा पण हे व्हायचं पण त्यातनं थोडे बाकीचे रंग गळून यायचे, एलईडीचा लाल म्हणजे पक्का लाल, दुसरं काही नाहीच त्यात.

हे मी महागात शिकलोय. एलईडी पार आपल्याकडं नवीन नवीन आले होते तेव्हाची गोष्ट, एका गॅदरिंगला शेवटच्या वर्षाची एक मुलगी गायली, सुंदर गायली, हॉल गप्प झालेला, आणि तिच्या अख्ख्या गाण्याला लाईटवाल्यानं लाल ठेवलं. मी जेपेगवर काढत होतो, स्क्रीनवर बघून समाधान मानलं. घरी आल्यावर चेहऱ्यावर नाक डोळे काही नाही, लाल चकती आणि तिला लागलेला माईक. चार दिवसांनी ती फोटो मागायला आली, कॉलेजातलं ते तिचं शेवटचं गाणं होतं, आणि माझ्याकडं तिला द्यायला एक धड फोटो नव्हता. ते अजून मनाला लागतं. तेव्हापासून रॉ (जेपेगसारखी छाटकाट न करता कॅमेऱ्यानं ठेवलेली मूळ फाइल) शिवाय स्टेजचा एक फोटो काढलेला नाही. तू पण रॉ वरच काढ, जागा जास्त लागते तर दोन कार्ड घे. लाल लाईट आली की मीटर म्हणतोय त्यापेक्षा एक स्टॉप (म्हणजे निम्म्या उजेडानं) कमी काढ, लाल चॅनल कडेला आपटणार नाही एवढं बघ, मग घरी व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हलवून बरंच परत मिळतं. नाहीच जमलं तर ब्लॅक अँड व्हाइट कर, त्यात काही कमीपणा नाही, घाम आणि गळ्याच्या शिरा काळ्यापांढऱ्यात जास्तच चांगल्या दिसतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे लाल असताना थांब. पांढरं येतंय, पहिल्या गाण्यात बघितलंयस तू.

फोटोवर आडवे पट्टे येतात त्याबद्दल तू विचारलं नाहीस पण ते येणारच आहेत. एलईडी मंद करायची म्हणजे ती फार वेगानं चालू-बंद चालू-बंद करतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. तुझ्या कॅमेऱ्यात १/२०० च्या वर शटर गेलं की पडदा एकदम पूर्ण उघडा नसतो, एक फट वरून खाली सरकत जाते, त्या फटीच्या प्रवासात लाईट चालू-बंद झाली की पट्टे. म्हणून पट्टे दिसले की आधी १/१६० नाहीतर १/१२५ ला खाली ये. कॅफेत साध्या ट्यूब नाहीतर स्वस्तातले बल्ब असतील तर आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, तिथं १/१०० ला पट्टे जातात. मिररलेसवाल्या (आरसा नसलेला नवा कॅमेरा असलेल्या) मित्राला सांग की सायलेंट शटर बंद ठेव, त्यात हे पट्टे सगळ्यात वाईट येतात. मागं एलईडीची भिंत असेल तरी हेच.

फोकस. एफ/२ च्या आसपास ५० च्या लेन्सनं तीन मीटरवरून काढलास तर पंचवीस-तीस सेंटीमीटर खोलीच शार्प राहते, म्हणजे साधारण एक वीत आणि वर थोडं. दोन मीटरवर आलास तर जेमतेम बारा-तेरा. आता गायकाच्या तोंडापुढं माईक असतो, त्याची चंदेरी जाळी लाईटमध्ये चमकते आणि कॅमेऱ्याला चमकणारी, बारीक रेघांची वस्तू फार आवडते, तो माईकवर फोकस करतो आणि डोळे मऊ. स्क्रीनवर छोटा फोटो बघून कळत नाही, मोठा करून बघितलं की जाळीचं एकेक छिद्र दिसतं आणि पापण्या गायब. तेव्हा सगळे पॉइंट कॅमेऱ्यावर सोडू नकोस, एकच पॉइंट ठेव, मधल्या नऊ पॉइंटपैकी कुठलाही, ते तुझ्या कॅमेऱ्यात अंधारात जास्त पक्के पकडतात, आणि तो पॉइंट माईकपासून लांबच्या डोळ्याच्या कडेवर ठेव. भुवई आणि कपाळाची कड पण चालते. एएफ-सी वर (हलणाऱ्या माणसावर सतत फोकस धरणारा मोड) ठेव, आणि एई-एल एएफ-एल असं लिहिलेलं बटण आहे ना अंगठ्याजवळ, त्याला फोकसचं काम दे, मग शटरच्या बटणाला फोकसशी देणंघेणं राहत नाही. सुरुवातीला दोन दिवस बोटं अडखळतील, मग ह्याशिवाय जमणार नाही. आणि फोकसला मदत म्हणून कॅमेऱ्यातून जी लाईट पुढं पडते ती मेनूतनं बंद करून टाक, गाणाऱ्याच्या डोळ्यात ती गेली की त्याचं लक्ष गेलंच म्हणून समज.

क्षण कसा पकडायचा ह्यावर मी तासभर बोलू शकतो. खासबागेत कुस्ती बघितली असशील तर आठव, पैलवान कितीतरी वेळ एकमेकाला रेटत, खांद्याला खांदा लावून उभे असतात, काहीच होत नाही असं वाटतं, आणि डाव पडतो तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. ज्याला कुस्ती कळते त्याला डाव पडायच्या आधी कळतं, पाय कुठं सरकला त्यावरून. गाण्याचं तसंच आहे. बँड असला तरी त्याला सम आहेच, चार मोजून पहिल्यावर ड्रमर झांज मारणार, गायक वरचा सूर लावायच्या आधी दम भरणार, खांदे वर जाणार, डोळे मिटणार. हे ऐकून कळतं, बघून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून बँडची गाणी आधी ऐक, मित्रच आहेत ना, तालमीला जाऊन बस, कुठल्या गाण्यात कोण पुढं येतो, कुठं सगळे एकदम थांबतात, ते पाठ कर.

ड्रमरचं एक गुपित सांगतो. काठी खाली येताना एवढ्या वेगात असते की १/५०० ला पण पुसट होते, पण वर टोकाला गेल्यावर ती दिशा बदलते आणि तेवढ्यापुरती थांबते, झोका टोकाला क्षणभर थांबतो तसा. तिथं बटण दाबलंस तर १/१६० ला पण काठी शार्प येते, हात वर, तोंड उघडं, सगळा आवेश फोटोत. गिटारवाल्याचा हात, उडी मारणारा गायक, केस झटकणारी बासवाली, सगळ्यांना हे टोक असतं. उडीच्या सगळ्यात उंच जागी माणूस थांबलेला असतो. म्हणजे कमी उजेडात तुला शटर वाढवता येत नसेल तर ते टोक शोध, तिथं कमी शटर पुरतं. एकसारखं बटण दाबून मशीनगन चालवू नकोस, तीन-तीनचे छोटे झटके दे, नाहीतर कॅमेरा नेमका टोकाच्या वेळी कार्डावर लिहीत बसलेला असतो.

उभं कुठं राहायचं ते थोडक्यात. अगदी समोरून माईक तोंड झाकतो, त्यामुळं जरा बाजूला सरक. गायकानं माईक उजव्या हातात धरला असेल तर त्याच्या डाव्या बाजूनं चेहरा मोकळा मिळतो. स्टेजला अगदी चिकटून वर बघत काढलंस तर नाकपुड्याच येतात, दोन-चार पावलं मागं ये. ड्रमरसाठी विंगेत जा, विचारून, दोन झांजांच्या मधल्या फटीतून त्याचा चेहरा दिसतो, ती फट शोधावी लागते. धूर सोडला तर लगेच काढू नकोस, ताज्या धुरात सगळं दुधी होतं आणि फोकस पण भटकतो, जरा विरळ झाला आणि मागून लाईट आली की बघ काय दिसतं ते, मग चेहऱ्याचा हट्ट सोड आणि नुसत्या आकृती काढ. फ्लॅश नको म्हणजे नकोच. लाईटवाल्यानं केलेलं सगळं काम तो पुसून टाकतो आणि वाजवणाऱ्याच्या डोळ्यापुढं काजवे चमकतात. मोठ्या शोमध्ये फोटोग्राफरला पहिली तीनच गाणी आणि तेही फ्लॅशशिवाय अशी पद्धत जगभर आहे, ती उगाच पडलेली नाही. लोकांनी तिकीट काढलेलं असतं, त्यांच्यापुढं उभा राहिलास तर एका गाण्यानंतर खाली बस नाहीतर बाजूला हो. स्पीकरच्या समोर उभा राहणार असशील तर कानात बोळे घाल, कान एकदा गेले की परत येत नाहीत.

कधीतरी बाहेरचं पण काढशील, मिरवणुकीत बेंजो, वरातीतला बँड, नाहीतर हलगी-घुमकं-कैताळ. तिथं उजेड म्हणजे ट्रॉलीवर बांधलेले फोकस, जनरेटरवर चालणारे, जवळ प्रचंड आणि दोन पावलांवर अंधार. ट्रॉलीच्या बाजूनं चालत राहा, वाजवणारा फोकसच्या कडेला आला की काढ. हलगीला मी मुद्दाम शटर १/३० ला आणतो, हलगीवाल्याचा चेहरा स्थिर असतो आणि हाताची टिपरी नुसती धुरकट पंख्यासारखी दिसते, तो आवाज फोटोत ऐकू येतो असं वाटतं. पण लेझर चालू असेल तर कॅमेरा खाली घे. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा जळू शकतो, आणि तुझ्या डीएसएलआरला तर आरसा आणि काच आहे, तू व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलेला असताना तो झोत सरळ डोळ्यात येणार. मिरवणुकीतल्या लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. एकही फोटो डोळ्यापेक्षा मोठा नाही. एसी हॉलमधून पावसाळ्यात बाहेर आलास की लेन्सवर वाफ धरते, पुसत बसू नकोस, पंधरा मिनिटं बॅगेतच राहू दे. आपल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर लागते, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव.

घरी आल्यावर चारशे फोटोंमधनं चाळीस निवड, चाळीसातनं पंधरा दे. बँडला पंधरा चांगले फोटो पुरतात. दाणे कमी करायला लाईटरूममध्ये २०२३ पासून डीनॉइज आलंय, रॉ फाइलवर चांगलं चालतं, पण पूर्ण जोरात लावू नकोस, कातडी मेणाची होते. पैसे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे. काळा पडदा काळाच राहू दे, सगळ्या सावल्या उजळ करायचा मोह होतो, पण स्टेजचा अंधार ठेवलास तरच उजेडाला किंमत राहते.

आणि रॉ फाइली जपून ठेव, दोन ठिकाणी. केशवराव भोसले नाट्यगृहात मी कितीतरी कार्यक्रम काढलेत, शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर, तिथल्या विंगेत उभं राहून गायकाच्या खांद्यावरून प्रेक्षकांकडं बघितलं की बाल्कनीची कड मंद उजेडात दिसायची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, ज्यांचं नाव थिएटरला आहे त्या गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर रस्त्यावर उभा होतो, बरीच माणसं होती, कुणी बोलत नव्हतं. घरी येऊन जुन्या हार्ड डिस्क काढल्या. त्यात दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो सापडला, मी तेव्हा नापास करून टाकलेला, गायक फोकसमध्ये नाही म्हणून. गायक नाही पण मागची बाल्कनी, खुर्च्यांच्या रांगा, दाराजवळ उभा असलेला डोअरकीपर, सगळं स्पष्ट आहे त्यात. तेव्हापासून मी प्रत्येक कार्यक्रमात दोन-तीन फोटो नुसत्या हॉलचे काढतो, बँड छोटा, हॉल मोठा, माणसं सगळी. तुझ्या त्या कॅफेचे पण काढ.

शनिवारसाठी एवढंच कर. ५० ची लेन्स लगेच विकत घेऊ नकोस, कुणाकडं असेल तर दोन दिवस मागून घे आणि आधी घरात रात्री एक दिवा लावून भावाबहिणीच्या चेहऱ्यावर डोळ्याला फोकस धरायचा सराव कर. शो आठला असेल तर साउंडचेकला सहाला जा, कॅफेवाल्याला विचार की गायकाच्या डोक्यावरचा तो पिवळा बल्ब चालू ठेवता येईल का, बहुतेक हो म्हणेल. पहिलं गाणं कॅमेरा खाली. मग काढलेल्यातले चार फोटो दाखव मला, हललेले असले तरी चालतील, ते बघूनच पुढचं नीट सांगता येईल.